व्याहीबुवा बेटावर

महागाई सगळ्यांनाच छळते. पण ती खास आपल्यालाच डिवचायला जन्माला आली आहे, असं मानून तिच्याशी जन्माचं वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही निघाला. शेजारी असता तर मी घर बदललं असतं. मित्र असता तर अबोला धरला असता. व्याह्याचं तसं काही करता येत नाही. त्याची मुलगी आपल्या उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आलेली असते, आणि त्याने काहीही केलं तरी आपण हसून "या, बसा, चहा घेणार ना?" एवढंच म्हणायचं असतं.

वैजापूरच्या मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, एका अडत दुकानावर व्याहीबुवांनी उभी हयात दिवाणजी म्हणून काढली. कांद्यावर अंगठा दाबून, तो न चिरता, आत किती पदर सडलेत हे ते सांगत. बायको लवकर गेली. एकुलत्या एका मुलीला एकट्याने वाढवलं, शिकवलं, माझ्या मुलाला दिली, आणि मग संभाजीनगरात गारखेड्याला एक खोली घेऊन ते राहायला आले. म्हणजे आमच्या सिडकोतल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. पण रिक्षाने ते कधी आलेच नाहीत, चालत आले. आले की डाळ कुठून आणता, तेलाचा डबा केवढ्याला पडला, याची चौकशी, मग आमच्या मूर्खपणाबद्दल हळहळ, मग चहा. निघताना मात्र नेमाने दिवाणखान्यातला पंखा बंद करून जायचे. आम्ही नवराबायको पंख्याखाली बसलेलो असायचो, महिना मे असायचा, तरीही. "बाहेर वारं सुटलंय की सर," असं वर सांगायचे. मी निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं वर्ग गप्प बसवलेला माणूस. पण व्याह्यासमोर मीच गप्प बसायचो. लग्नात तर त्यांनी कहर केला होता. मुलीचा बाप मांडवात हात जोडून उभा असतो. हे जेवणाच्या पंगतीत लोकांच्या ताटातलं उष्टं बघत हिंडत होते. माझ्या जुन्या मुख्याध्यापकांच्या ताटात दोन जिलब्या राहिलेल्या दिसल्या, तेव्हा हात जोडलेल्या अवस्थेतच म्हणाले, "खायची नव्हती तर घेतली कशाला, साहेब?" मुख्याध्यापकांनी त्या दोन्ही जिलब्या खाल्ल्या आणि त्यानंतर आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत.

पुढे मुलाची बदली अंदमानला झाली. तो सरकारी खात्यात अभियंता आहे. सूनबाईंनी तिथल्या एका शाळेत नोकरी धरली, आणि वर्षभराने गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. तेव्हा माहेरच विमानाने बेटावर न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे व्याहीबुवा, घरात बाईमाणूस हवं म्हणून माझी पत्नी, आणि ओझी उचलायला मी.

बेटावर सगळं महाग असतं, कारण सगळं जहाजाने येतं, हे मुलाने फोनवर सहज सांगितलं, आणि तिथेच त्याचं चुकलं. निघायच्या दिवशी विमानतळावर व्याहीबुवा आले ते लोकरीचा कोट घालून. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. मी विचारलं, तर कानाशी येऊन म्हणाले, "अंगावरचं वजनात धरत नाय म्हणं." तपासणीच्या दारातून ते गेले आणि जवानाने कोट चाचपला. एका खिशातून तूरडाळ निघाली, दुसऱ्यातून लसूण, आतल्या चोरखिशातून जिरं. जवानाने विचारलं, "चाचा, ये क्या है?" व्याहीबुवा ताठ मानेने म्हणाले, "डाळ है. उधर लई महाग है." मागे शंभर माणसं खोळंबलेली. माझ्या पत्नीने मला हळूच सांगितलं, आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवा. पण तेवढ्यात त्यांनी जवानाला आमच्याकडे बोट करून सांगितलं, "ये सर मेरे व्याही लगते." जवानाला व्याही म्हणजे काय ते कळलं नाही, पण दया आली असावी. त्याने डाळ सोडली.

बेटावरचा पहिला आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. समोर निळाशार समुद्र, झावळ्यांची सळसळ, आणि आमचे व्याहीबुवा भाजीवालीशी भांडतायत. टोमॅटो महाग का, तर जहाज आलं नाही. फ्लॉवर का नाही, तर जहाज आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मला ओढत धक्क्यावर घेऊन गेले आणि फाटकावरच्या शिपायाला विचारू लागले, "जहाज रोज का नै आता?" शिपाई म्हणाला, समुद्र खवळलेला असतो. "तो अगले दिन दो भेजना!" मी त्यांचा दंड धरून त्यांना परत आणलं. वाटेत ते एकदम थांबले. रस्त्याच्या कडेला शेवग्याचं झाड होतं, पलीकडे पपई, कुंपणालगत अळूची पानं हत्तीच्या कानाएवढी. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जहाजाची वाट बघणारानं बेटावर राहूच नाय, सर." दुसऱ्या दिवसापासून टोमॅटो बंद. शेवग्याचा पाला, कच्च्या पपईची भाजी, अळूच्या वड्या, केळफूल. शेजारच्या बंगाली बाईंकडून ते केळफूल सोलायला शिकले आणि त्यांना पिठलं शिकवून आले. बेसन अर्थात आमच्या घरातलं.

मी वैतागलो होतो, पण खरा वैताग पुढेच होता. एका सकाळी व्याहीबुवा पिशवी घेऊन आले आणि पिशवीतून मासे काढले. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंडं शिवलेलं नाही, आणि हातात दोन सुरमई! माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर पळाली. मी म्हणालो, "व्याहीबुवा, हे काय? तुम्ही माळकरी ना?"

"माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या नाय," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणली, पोरीचं अंग भरलं पायजे. इथं मासळीच तेवढी स्वस्त. ही खाती, मला ठाऊक नव्हतं. ही मला भिऊन दडवायची." सूनबाई दारात उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "खाय माय. मी बाहेर बसतो."

आणि ते खरोखर बाहेर पायरीवर जाऊन बसले, वासाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हापासून रोज पहाटे माळ सदऱ्याच्या आत सारून ते माशांच्या बाजारात जायला लागले. मी एकदा बरोबर गेलो. ते कल्ला उचलून आतली लाली बघत होते, अंगठ्याने मांस दाबत होते, अगदी कांदा पारखावा तसे. कोळणी त्यांना टरकून होत्या. "चाचा आया, अच्छा वाला निकालो," असं एक दुसरीला सांगत होती.

त्याच संध्याकाळी समुद्रकाठच्या बाकावर बसलो असताना ते म्हणाले, "सर, एक इचारू? राग नका मानू." इतक्या वर्षांत त्यांनी बोलण्याआधी परवानगी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. "पोरगी म्हणती सफरचंद आवडत नाय. लहान असताना मोंढ्यातून मी सफरचंदाची रिकामी खोकी आणायचो, तर त्यात तोंड घालून वास घेत बसायची. ती म्हणती आवडत नाय. पोटुशी बाई, अन् दूध एक पेला. फ्रीजमधी थंड पाणी, बाकी काय नाय. तुम्ही पंधरा दिवस झाले बघायलेत, दिसलं नाय तुम्हाला?"

मला दिसलं नव्हतं. मी समुद्र बघत होतो.

"दोघं कमावतेत, अन् निम्मा पगार तुमच्या त्या फ्लॅटच्या हप्त्याला जातो. अन् फ्लॅटला कुलूप."

हे मात्र मला झोंबलं. बीड बायपासला मुलाच्या नावावर जो फ्लॅट घेतला, तो माझ्या हट्टाने. आता घेतला नाही तर पुन्हा कधी जमणार नाही, हे पालुपद मी दोन वर्षं लावलं होतं. दर रविवारी मी जाऊन तो झाडून येतो, दारात चपला काढतो. दारांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढू दिलेलं नाही. भाडेकरू भिंतींना खिळे ठोकतात म्हणून भाडेकरू ठेवला नाही. मुलं परत येतील तेव्हा घर कोरं मिळालं पाहिजे. मी हे सगळं त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बंद घर बी खातं, सर," ते म्हणाले. "रोज खातं. अन् ते तुमच्या नातवंडाच्या ताटातलं खायलंय."

मी उठून एकटाच घरी आलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. व्याह्याशी अबोला धरता येत नाही असं मी वर म्हटलं आहे; मी धरला. तिसऱ्या दिवशी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, खरं आहे का हे? तो नखं बघत म्हणाला, "तुम्ही दर रविवारी फ्लॅटचे फोटो पाठवता ना बाबा, दार उघडं करून. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मग मी व्याहीबुवांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "तुमच्या ओळखीत आहे का कोणी भाडेकरू?" त्यांनी कोणताही शेरा मारला नाही, हे त्यांचं माझ्यावर एक ऋणच आहे. लगेच फोन लावला. चार फोनांत एक नर्सबाई सापडल्या, दोन मुलं, नवरा चितेगावला कारखान्यात. फोन त्यांनी माझ्याकडे दिला, आणि मी शेवटचा बाण सोडला, "भिंतीला खिळे ठोकणार का?" त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "एखादा लागंल काका, मुलांच्या दप्तरासाठी." व्याहीबुवा माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, "ठोका, बाई. घर हाय ते."

पुढच्या आठवड्यात घरात सफरचंदं आली. सूनबाईंनी पहिलं सफरचंद सालासकट, उभ्या उभ्या खाल्लं. व्याहीबुवा केवढ्याला आणलं ते विचारायला तोंड उघडत होते, आणि त्यांनी ते मिटलं. हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

नात झाली. गुटगुटीत, आणि आवाज मोंढ्यातल्या लिलावासारखा. दोन महिन्यांनी आम्ही परत यायला निघालो, तेव्हा सूनबाईंची शाळा सुरू व्हायची होती आणि तिथल्या पाळणाघराचे दर ऐकून व्याहीबुवांनी कपाळाला हात लावला होता. "मी राहतो," ते म्हणाले, "माझ्यापरीस स्वस्त आया मिळायची नाय." आम्ही दोघंच परतलो. विमानात तीन आसनांच्या रांगेत मधलं रिकामं होतं. पत्नी म्हणाली, किती शांत वाटतंय ना? मी हो म्हणालो. मग हात वर करून डोक्यावरचा वाऱ्याचा झोत बंद केला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मुलाची बदली नागपूरला झाली आहे. ऑफिसातच पाळणाघर आहे, सून घरूनच शिकवण्या घेणार आहे. सगळं चांगलंच झालं. परवा व्याहीबुवांचा फोन आला. भाव विचारले नाहीत. नुसतेच "काय चाललंय" म्हणाले. मग म्हणाले, "दुपारी नात माझ्या मांडीवर झोपती, सर. उठायला येत नाय. पायाला मुंग्या येतेत, तरी उठत नाय मी." आणि मग, "गारखेड्याच्या खोलीतला भाडेकरू काढावा लागंल आता."

मी पत्नीकडे पाहिलं. तिने वर बोट दाखवलं. आमच्या गच्चीला लागून एक खोली आहे, माझ्या जुन्या पुस्तकांची. मी म्हणालो, "गारखेड्याला कशाला जाता? आमच्या वर एक खोली आहे. नात सुट्टीत आली की दोघांकडे एकदम येईल."

पलीकडे नातीचा काहीतरी बोबडा आवाज आला.

"भाडं काय घ्याल?" व्याहीबुवांनी विचारलं. आवाज नेहमीचा लावायचा प्रयत्न होता, पण लागला नाही.

"ते आल्यावर ठरवू," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "आल्यावर ठरवू." आणि एवढ्या लांबून फोन चालू होता, तरी दोघांपैकी कोणीच तो लवकर ठेवला नाही.