पाणी न सांडता हवा काढण्याची गोष्ट

भूमजवळच्या एका गावात बायकांच्या गटाला शेळ्यांची शेड मिळाली, गरम फरशीसकट. छपरावरच्या टाकीत उन्हानं पाणी तापणार, पंप ते काँक्रीटखाली पुरलेल्या नळ्यांच्या तीन ओळींतून फिरवणार आणि थंडीत नवी करडं उबेला बसणार. उद्घाटनाला फीत होती, भाषणं होती. आठवड्याभरात फरशी थंड.

अगदी खरं सांगायचं तर दोन ओळी थंड, दाराजवळची एक गरम. त्यामुळं सगळी करडं त्या एका पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर चढून झोपायची. एक खाली दबून मेलं. गट चालवणाऱ्या मावशींच्या शेळीला तेव्हाच जुळं झालं होतं, आणि त्यातलं बारकं रोज सकाळी ढिगाच्या तळाशी सापडायचं.

शेजारच्या गावात राहून मी अशा सरकारी कामांवर पत्रकं काढते; यावरही काढलं. मथळा होता : ‘ठेकेदाराने नळ्या पुरल्याच नाहीत!’ गठ्ठा घेऊन शेडवर गेले. मावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“पोरी, नळ्या पुरताना म्या उभी होते. चहा दिलाय त्यास्नी.”

“मग फरशी थंड का?”

“ते बघायच्या आधीच छापून आणलंस व्हय?”

मी गठ्ठा खाली ठेवला. धाराशिवच्या ज्या फिटरनं पंप बसवला होता त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“जाणारी नळी गरम आहे का?”

“हाय,” मावशी म्हणाल्या.

“परत येणाऱ्या तिन्हींना हात लावा.”

दाराजवळच्या ओळीची गरम होती, बाकी दोन गार. आत कुठंतरी गुळगुळ आवाज येत होता.

“हवा अडकलीय. मागंच सांगितलं होतं की, एकेक ओळ वेगळी करून शेवटचा कॉक उघडा, पाणी सांडू द्या.”

“दोनदा सांडलं.”

“किती?”

“बादलीभर.”

“मावशी, बादलीभरानं काय होतंय! फसफस थांबेपर्यंत वाहू द्यायचं.”

“तुमच्या तिकडं वाहू द्या. हितं बादलीत दोघी न्हात्यात.”

मी म्हटलं, सरका, मी करते. बाकीच्या दोन ओळी बंद केल्या, वरच्या टाकीचं पाणी तिसरीत सोडलं, शेवटचा कॉक उघडला. फसफस करत पाणी आलं आणि मातीत जिरायला लागलं. बादलीभर गेलं असेल, कॉक बंद. मीच केला. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावालाही टँकर येतो. वाहतं पाणी नुसतं बघत बसायचं, हे माझ्याही हाताला शिकवलेलं नाही.

मावशी हसल्या नाहीत. कोपऱ्यातला निळा ड्रम ओढत आणला, तळाशी पाणी घातलं आणि कॉकला एक पाइप लावून त्याचं टोक त्यात बुडवलं. “सांडायचं कशाला? ह्यात सोडा. ह्यातलं काढून परत टाकीत वता.”

मग गटातल्या आणखी दोघी आल्या आणि आम्ही चौघी रांगेत उभ्या राहिलो. ड्रममधून बादली, बादलीतून टाकी, टाकीतून नळी, नळीतून ड्रम. तेच पाणी फिरत राहिलं. ड्रममध्ये आधी मोठे बुडबुडे येत होते, मग बारीक, मग थांबून थांबून एखादा.

“बंद करू का?” मी विचारलं.

“अजून येतोय की एक. दम धर.”

दोन्ही ओळी झाल्या तेव्हा दुपार कलली होती. ड्रममधलं पाणी गढूळ झालं होतं, पण होतं. पंप चालू केला. गुळगुळ गेली. परत येणाऱ्या तिन्ही नळ्या हळूहळू कोमट झाल्या.

नळ्यांबद्दलचा आरोप मी मागं घेतला. त्याच्या जागी दुसरा केला : हवा कशी काढायची याचा कागद पंपाच्या खोक्यात होता, इंग्रजीत. शेडमधल्या एकीलाही इंग्रजी येत नाही, हे नळ्या पुरणाऱ्यांनी चहा पिताना तरी विचारायला हवं होतं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मराठीत लिहिलं, ड्रमसकट, आणि एक पंपाशेजारी चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले तर दाराजवळ ढीग नव्हता. करडं फरशीभर विखुरली होती. बारकं पार लांबच्या कोपऱ्यात एकटंच आडवं, चारी पाय ताणून, मान टाकून. मावशींनी वाकून त्याला बोटानं ढोसलं. ते झोपमोड झाल्यासारखं ओरडलं आणि कूस बदलून पुन्हा झोपलं.

“ह्येचं काढ आता पत्रक,” मावशी म्हणाल्या.