सांगलीहून आणलेली झांज

हेवी मेटल संगीत वाजवायचं तर दोन बेस ड्रम हवेत, आणि एवढा मोठा नवा सेट माझ्या ऐपतीबाहेरचा. म्हणून सांगलीत एका गृहस्थांकडे जुना बघायला गेलो. सगळं लख्ख पुसून ठेवलेलं होतं.

"वाजवून बघा," म्हणाले आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

ड्रम दणदणीत होते. शेवटी मोठ्या झांजेवर स्टिक मारली आणि सवयीने लगेच तिची कड चिमटीत धरली. आवाज जागच्या जागी थांबला. वर बघितलं तर गृहस्थ दारातून माझ्या बोटांकडे टक लावून पाहत होते.

"इतका चांगला सेट का विकताय?" मी विचारलं.

"ही झांज कानात वाजत असते," ते म्हणाले. "दिवसरात्र. डॉक्टर म्हणतात, आता जायची नाही."

सेट माझ्या खोलीत मांडून झालाय. आपण थांबवलं की थांबतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता झांज वाजली की कड धरतो, थरथर बोटांत विरते, खोली शांत होते. आणि दर वेळी वाटतं, आवाज विझला नाही. तो फक्त सांगलीला गेला.