पाडव्याची गाडी

येरमाळ्यापासून कोसभरावर आमचं रान. त्यातला नाल्याकडचा पट्टा म्हणजे नुसता मुरूम. सासरे म्हणायचे, "ह्यात काय पिकायचं न्हाय, जनावरांना सोडून देऊ." मला लई वाईट वाटायचं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, गावात नवा ग्रामसेवक आला होता. त्यानं खताचा खड्डा कसा भरायचा ते दाखवलं, नि मी सासऱ्यांकडे दोन वर्षं मागून घेतली. "न्हायच पिकलं तर खुशाल सोडा जनावरांना."

दिवाळीपासून खड्डा भरला. धसकटं, पाला, राख, गोठ्यातली ओली माती. पाटीभर शेणासाठी सासूबाईंशी रोज तंटा, त्यांना शेण्या थापायच्या असत. संक्रांतीला वरून लिंपून टाकला. मिरगापर्यंत हात लावू नका, ग्रामसेवकानं बजावलं होतं.

पण आमच्या घरची चाल अशी, की पाडव्याला खताची गाडी रानात गेलीच पाहिजे. मी पुरण वाटत होते. बाहेर येईस्तोवर निम्मा खड्डा उपसलेला! काड्या तशाच्या तशा, आतून वाफा निघतायत.

"अवो मामंजी, कुजलं न्हाय अजून!"

"म्हुरत हाय," म्हणाले नि बैल हाकले.

चैताच्या उन्हात ते सगळं वाळून कडंग झालं. निम्मं वावटळीनं नेलं, उरलेल्याला वाळवी लागली. तळाला राहिलेलं मी मिरगाच्या तोंडावर काढलं. काळंभोर, भुसभुशीत झालं होतं, शेणाचा वाससुद्धा नव्हता. डोक्यावरून नेऊन पट्ट्यातल्या दोन तासांत, म्हणजे दोनच ओळींत घातलं. तेवढ्या दोनच ओळींत पीक कमरेला लागलं, बाकी पट्टा पिवळा. आणि सासरे पारावर सांगतायत, "पाडव्याला खत टाकलं, त्याचा गुण!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे माझ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी, मी खड्डा पुन्हा भरला नि पाडव्याला गाडी पुन्हा खड्ड्यापाशी आली. मी पदर खोचला नि खड्ड्यावरच बसले. "आधी मला भरा गाडीत, मग खत."

"अगं बया, सणासुदीचं काय हे!" सासूबाई ओरडल्या. शेजारपाजार गोळा झाला. सासऱ्यांनी खोरं घेऊन खड्ड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हुरत तर टळत चाललेलं. शेवटी वळले नि सासूबाईंच्या रचून ठेवलेल्या शेण्यांनी गाडी भरली.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. खड्डा मिरगापर्यंत शाबूत राहिला, नि त्या साली सबंध पट्टा पिकला. जनावरांना सोडायची भाषा संपली.

नि सासरे पारावर सांगत होते, "शेण्या टाकल्या, त्याचा गुण!"