बोलकं करून द्या

सुमतीबाई मिरजगावकर कुणाचंही लिखाण आधी मोठ्यानं वाचून बघत आणि नासक्या दुधाचा घोट घेतल्यासारखं तोंड करत. "‘करण्यात येत आहे’ म्हणे. कोण करतंय? त्याला नाव नाही?" मग पेन्सिलीनं त्या वाक्याचे तुकडे पाडत. रेडिओवर मराठी निवेदन करण्यात त्यांची हयात गेली होती. हैदराबादच्या मलकपेठेत राहत, घराणं जुन्या निजामी मुलखातलं, त्यामुळे मराठीत दखनी सहज येई.

मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलो, तेव्हा मराठी मंडळातल्या माझ्या पहिल्याच भाषणाची त्यांनी चिरफाड केली होती. "डोळा मागं जाऊन पुन्हा वाचतो, बाबा. कानाला मागं जाता येत नाही. इत्तं लांब वाक्य काईकू?"

शहरात नवा पैसा येऊ लागला होता. मंडळाचे कार्यवाह सबनीस यांनी आमची इमारत बिल्डरला द्यायचा घाट घातला. ठरावात ‘वास्तूचा कालसुसंगत पुनर्विकास’ असं काहीतरी गुळगुळीत लिहिलं होतं. तो जरा बोलका करून बाईंनी सभेत वाचावा, म्हणजे म्हातारे सभासद कुरकुरणार नाहीत, असं सबनीसांनी सुचवलं. बाईंच्या आवाजावर लोकांचा विश्वास होता, तोच त्यांना वापरायचा होता. मला शिसारी आली. नाही म्हणा, मी बाईंना सांगितलं.

"मी नाही म्हटलं तर दुसरं कुणी हाच चिखल वाचेल," बाई म्हणाल्या. "मी बोलकं करते. लोकांना कळू दे."

सभेत त्या कागद न बघताच बोलल्या. "हे सभागृह पाडायचं आहे. वाचनालय बंद होईल. पुस्तकं कुठं जातील ते ठरलेलं नाही. खाली दुकानं येतील, वर आपल्याला एसीची एक खोली मिळेल. हवंय का तुम्हाला?"

सबनीसांचा चेहरा उतरला. मग ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. पुढच्या रांगेतले आधी, ज्यांच्या मुलांना बाईंनी याच सभागृहात बोलायला शिकवलं होतं. मागून एकानं पार्किंगचं विचारलं. नंतर तेच लोक तोंडात सामोसा घोळवत बाईंना सांगत होते, किती स्पष्ट मांडलंत. त्या तेलकट ओठांची किळस मला अजून येते.

मी बाईंना रिक्षानं घरी सोडलं. मंडळात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. त्या दिवशी रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "मला जन्मभर वाटायचं, लोकांना नीट कळत नाही म्हणून असं होतं. आज सगळ्यांना कळलं होतं रे."