दोनशे दहा फेरे

काटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वीज कंपनीच्या मीटर तपासायच्या खोलीत तिनं एकतीस वर्षं काढली. मीटर पळतंय अशी कोणी तक्रार केली की ते तिच्या टेबलावर यायचं, आणि साहेबापासून शिपायापर्यंत जो तो आपलं मत ठोकून द्यायचा. ती म्हणायची, "थांबा, काटा काय म्हणतो ते बघू." त्यावरून ती काटाबाई. पाठीमागे काहीजण हा शब्द टोचणाऱ्या काट्याच्या अर्थानंही वापरायचे, हे तिला ठाऊक होतं.

लग्न राहून गेलं. आई होती तोवर घरात कोणीतरी खोकत तरी होतं. आई गेली, मागोमाग निवृत्ती आली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवस संपता संपेना. बोलायला एकच माणूस होतं, खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी. त्यांचे यजमान वारलेले, एकुलती लेक दूरच्या गावी दिलेली. रोज चार वाजता काटाबाई खाली उतरायची. मशीनवरचा पाय न काढता वहिनी म्हणायच्या, "बाई, आधण ठेवा." अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी वहिनींच्या जावयाचा कारखाना बंद पडला. चार-पाच महिने घरी बसल्यावर त्यानं नवा धंदा धरला, वीज वाचवणाऱ्या डब्याचा. डबा साबणाच्या वडीएवढा. भिंतीतल्या प्लगात खोचायचा, हिरवा दिवा लागला की काम झालं, बिल चाळीस टक्क्यांनी खाली. खोक्यावर तसं छापलंच होतं आणि मोबाइलवर एक पांढऱ्या कोटातला माणूस तेच हात हलवून हलवून सांगत होता.

"जावई स्वतः लावून गेले," वहिनी म्हणाल्या. "सोळा बिऱ्हाडं आहेत आपल्याकडे. सगळ्यांनी एकेक घेतला तरी पोरीच्या संसाराला हातभार. आणि बाई, तुम्ही यातल्या जाणत्या. तुम्ही एक शब्द टाकलात तर कोण नाही म्हणेल?"

"एक दिवस द्या," काटाबाई म्हणाली. "बघते आणि सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं वहिनींनाच डबा घेऊन वर बोलावलं. तिच्याकडे जुनं चकतीचं मीटर होतं, भंगारात निघालेलं, फळीवर बसवलेलं. त्यावर तिनं एक टेबलपंखा आणि शंभराचा दिवा लावला. चकतीवरची लाल खूण समोर आली की एक रेघ, असं ती तासभर मोजत बसली. घड्याळ वहिनींच्या हातात. फेरे झाले दोनशे दहा. मग डबा खोचून पुन्हा तासभर. या वेळी दोनशे अकरा.

"एक वाढला कसा?" वहिनींनी विचारलं.

"त्याचा दिवा जळतोय ना. तो काय फुकट जळणार?"

एरवी वहिनी अशा बोलण्यावर खळखळून हसल्या असत्या. आता त्या डब्याकडे बघत राहिल्या. काटाबाईला वाटलं, नीट समजावलं की झालं. "आत एक कपॅसिटर असतो. मोठमोठ्या मोटरींवर यंत्रं चालतात अशा कारखान्यात त्याचा उपयोग होतो. पण तो जे वाचवतो ते घराचं मीटर मोजतच नाही. मोजलंच जात नाही ते वाचवून बिल उतरेल कसं?"

"म्हणजे आमचे जावई खोटं बोलतात."

"छे, छे. त्यांनाही कोणीतरी गंडवलंय."

वहिनी उठल्या. "बरं. हे आपल्या दोघींत राहू दे."

काटाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

चारच दिवसांनी वरच्या मजल्यावरचे पेन्शनर कारकून तिला जिन्यात भेटले. हातात नवं खोकं. "काटाबाई, ठेवू का हा? बाकी कोणाचं नाही, तुम्ही सांगाल ते प्रमाण."

वहिनींनाच विचारा, असं म्हणून सुटता आलं असतं. पण एकतीस वर्षांत तिनं मीटर बघून वेगळा आकडा कधी लिहिला नव्हता. "नका ठेवू," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीत पसरलं. नऊजणांनी डबे घेतले होते, सातजणांनी परत आणून दिले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वहिनींचं दार बंद होतं. आत मशीन चालू होती. काटाबाईनं कडी वाजवली. मशीन थांबली, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. ती वर परत आली.

पुढे तीन महिने चार वाजणं ही एक शिक्षाच झाली. ती बागेत जाऊन बसली, तिथे बाकं जोडप्यांनी नाहीतर झोपलेल्या म्हाताऱ्यांनी धरलेली. रेडिओ लावला की माणसं बोलायची, पण तिच्याशी नव्हे. खऱ्याला मरण नाही म्हणतात. खरं बोलणाऱ्याला शेजार राहत नाही, हे कोणी सांगत नाही. कधी कधी ती मनातल्या मनात जिन्यातला तो प्रसंग पुन्हा उभा करायची आणि कारकुनांना वेगळं उत्तर देऊन बघायची. ते काही केल्या तिच्या तोंडात बसायचं नाही.

मग एका दुपारी वहिनीच दारात उभ्या. नजर उंबऱ्यावर. "बाई, आमच्याकडची वीज गेलीय, मशीन बंद. वायरमन उद्या येतो म्हणाला, आणि मला आज शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा पोचवायचाय."

काटाबाईनं पेचकस घेतला, खाली जाऊन फ्यूजला तार घातली. दिवे आले. फ्रिज घरघरू लागला. तिनं सवयीनं त्याच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती अलगद निघाली.

"याचं रबर गेलंय, वहिनी. गारवा बाहेर जातोय, आणि बिचारा दिवसभर धापा टाकतोय."

"जावई येतील तेव्हा बघतील."

"मी उद्या आणते."

तिनं आणलंही. गरम पाण्यात बुडवून मऊ केलेलं रबर गुडघ्यांवर बसून खाचेत दाबायला तास गेला. वहिनींनी दार धरून ठेवलं. दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण निघताना वहिनींनी चहा विचारला.

दोन महिन्यांनी वहिनी बिल घेऊन वर आल्या. चेहरा फुललेला. "बघा! निम्म्याच्या जरा वर. जावई म्हणाले होते, डब्याला जम बसायला वेळ लागतो. लेकीला फोन केला, ती तर रडलीच हो. म्हणाली, त्यांना कोणीतरी खरं ठरवलं."

काटाबाईनं चष्मा लावून बिल वाचलं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता.

"कमी आलंय खरं," ती म्हणाली.

चारचा चहा पुन्हा सुरू झाला. वहिनी लेकीचं सांगतात, जावयाला गोदामात लागलेल्या नोकरीचं सांगतात. काटाबाई ऐकते, पूर्वीपेक्षा कमी बोलते. त्या फ्रिजच्या रबराचं कोणाला तरी एकदा सांगावं असं तिला फार वाटतं. पण ज्याला सांगावं असं माणूस तिला एकच आहे, आणि त्याच माणसासमोर ती रोज कप धरून बसलेली असते.