माझं दत्तक आणि काकूचं लग्न

झाशीत दत्तक म्हटलं की लोक आधी किल्ल्याकडे बघतात आणि मग उसासा सोडतात. माझ्याकडे बघून कुणी सोडला, तर मी त्याला जिलेबी खायला घालतो. माझं दत्तक टिकलं!

माझा जन्म रेल्वे कॉलनीतला. वडील गार्ड, आम्ही पाच भाऊ. जिने मला मांडीवर घेतलं आणि जिलाच मी आई म्हणत आलो, ती विधवा होती. तिच्या सासरचे पेशवाईत कारभारी म्हणून इथे आलेले, पार मुरलेले. घरात मराठी, अंगणात बुंदेली.

आईच्या धाकट्या दिराने, म्हणजे माझ्या काकाने, हे दत्तक रद्द व्हावं म्हणून दावा ठोकला. तेव्हा सरकारी कोर्टातही असले निवाडे शास्त्राप्रमाणेच व्हायचे, आणि शास्त्रंही प्रांताप्रांताची. काशीकडच्या शास्त्रात नवऱ्याने जिवंतपणी परवानगी दिलेली नसेल, तर विधवेला दत्तक घेता येत नसे. महाराष्ट्राच्या शास्त्रात येत असे. आईकडे तशी परवानगी नव्हती. काका म्हणाला, इतक्या पिढ्या झाल्या, आम्ही आता इथलेच, आम्हाला काशीचंच शास्त्र. त्याचं खरं ठरलं असतं तर मला कॉलनीत परत जावं लागलं असतं. सुनावणीच्या दिवशी सकाळी आईने मला स्वतः भरवलं. चांगला घोडा झालो होतो, तरी भरवलं.

न्यायाधीश मुसलमान, आमचा वकील कायस्थ आणि भांडण आमच्या धर्मशास्त्राचं! वकिलाने काकाला गोड आवाजात विचारलं, "भाईसाहब, ब्याह से पहले आपकी पत्नी आपकी क्या लगती थीं?"

"मामा की बेटी," काका बोलून गेला. आमच्यात मामाची मुलगी करतात, त्यात लपवायचं काय?

"इधर के शास्त्र में तो वह बहन हुई. फिर यह ब्याह कैसे टिकेगा, जी?"

मागे बसलेली काकू पदर खोचून उठली आणि भर कोर्टात मराठीतच कडाडली, "अहो, बोला ना! मी तुमची बायको की बहीण? चार पोरं झाल्यावर आता ठरवताय होय?"

न्यायाधीशांना मराठी येत नव्हती. पण त्यांच्याही घरी बायको असावी. त्यांनी भाषांतर मागितलं नाही. काकाने दावा मागे घेतला.

माझी नातवंडं म्हणतात, कोर्टात शास्त्राचं काय काम, कायदा सगळ्यांना एकच हवा. खरं आहे रे बाबांनो. मेलेल्या नवऱ्याची परवानगी मागणारं शास्त्र घाला चुलीत! पण ज्या शास्त्राने मला आई दिली, त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? आणि खरं सांगू, मला तर काकूच्या जिभेने तारलं.

परतताना काकू आमच्याच टांग्यात बसली. सदर बाजारात टांगा थांबवून तिने जिलेबी घेतली.

घरी आल्यावर आईने फळीमागून एक गाठोडं काढलं. आत माझे कपडे होते. तिने गाठ सोडली, एकेक सदरा झटकून परत खुंटीला लावला आणि म्हणाली, "चल, आता तुझ्या हाताने जेव."