फोडणीच्या पळीचा तपास

समोरच्या घरातल्या डॉक्टरकाकूंनी हात दिला नसता, तर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. म्हणून आधी त्यांचे उपकार सांगतो, मग घटना. ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

नववीत शाळा सुटली, पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता आम्ही नवरा-बायको अमेरिकेत, मॉरिसव्हिलला लेकीकडे राहतो. इंग्रजी ‘हाय’, ‘थँक्यू’च्या पुढे जात नाही, त्यामुळे दारावर अनोळखी माणूस आला की आता मीच आतल्या खोलीत सटकतो. तर दोन वर्षांच्या नातीच्या नेहमीच्या तपासणीत रक्तात शिसं निघालं. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. आरोग्य खात्याची बाई घर बघायला येणार, असा फोन आला.

लेकीचा पहिला संशय आमच्यावर. “आई, ती गावाकडची हळद फेकून दे. काजळपण. तिच्या ब्रेनवर इफेक्ट होतो गं.”

हिने हळद, तिखट, गोडा मसाला, सगळं कचऱ्यात टाकलं आणि दोन दिवस नातीला जवळ घेतलं नाही. माझी चिडचिड होत होती. आधी अटक करायची आणि मग पुरावा शोधायचा, हा प्रकार मी नोकरीत पोटभर पाहिला आहे.

खबर दिली काकूंनी. त्या मूळच्या नागपूरच्या, इथे डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, “काहून घाबरता, फौजदार? हळद तुम्ही सगळेच खाता ना? मग सगळ्यांचंच रक्त तपासा.” स्वतःच्या गाडीतून आम्हाला घेऊन गेल्या. मी, ही आणि लेक, तिघांचे रिपोर्ट साफ आले. जावयांचा आकडा नातीपेक्षाही वर निघाला.

जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, स्वभावाने मऊ. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, नेमबाजीच्या रेंजवर जातात, हे घरात माहीत होतं. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये काय करतात, हे मात्र लेकीने विचारलं नव्हतं. “गाडीचं काहीतरी असतं,” म्हणाली. मी विचारलं नाही, कारण मी सासरा, तोही त्यांच्या घरी राहणारा. आयुष्यभर लोकांच्या घरांच्या झडत्या घेतल्या, आणि इथे गॅरेजच्या दारात खोकून आत जायचो.

त्या संध्याकाळी दोन कप चहा घेऊन गेलो. जबाब घ्यायच्या आधी समोरच्याच्या हातात काहीतरी गरम द्यावं, माणूस सैल होतो.

“जावईबापू, शनिवारी इथे काय चालतं?”

“हॉबी आहे, बाबा. लीगल आहे.”

“कायद्याचं नाही विचारत.”

मग त्यांनी सगळं दाखवलं. विजेवर तापणारं भांडं, साचा, टायरच्या दुकानातून आणलेली चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं. ते शिसं वितळवून साच्यात ओतायचं, की रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात बसवायची गोळी तयार. दार बंद, पंखा नाही.

“विकत मिळत नाहीत का?”

“मिळतात. पण स्वतः ओतलेली नीट लागली की बरं वाटतं.”



“पण मी इथलं काहीच आत नेत नाही, बाबा,” ते म्हणाले. “शूज, शर्ट इथेच काढतो. फक्त वर तरंगणारी घाण काढायला इंडियन स्टोअरमधून एक लोखंडी पळी आणली होती, ती दोन महिने सापडत नाहीये.”

ती पळी मी उचलली होती. गॅरेजमधल्या कपाटावर काळी पडलेली, चांगली जड पळी दिसली. वाटलं, या मुलांना वस्तूची कदर नाही. घासून लख्ख केली आणि हिच्या हातात दिली. आमची फोडणी कढईत व्हायची. नातीला तिखट चालत नाही, म्हणून तिच्या मऊ भातावर तूप-जिऱ्याची वेगळी फोडणी, रोज, त्या पळीत.

“मला विचारायचं होतं ना,” मी म्हणालो.

“कसं विचारणार, बाबा? तुम्ही नेली असेल असं वाटलंच होतं. पण चोरीचा आळ घेतल्यासारखं झालं असतं. तुम्ही तरी विचारायचं.”

पळी पिशवीत घालून बांधली, वर तारीख टाकली. मुद्देमालाची सवय सुटत नाही. आरोग्य खात्याची बाई आली तेव्हा काकू शेजारी बसल्या, कारण माझं इंग्रजी तिथे पुरणार नव्हतं. “ही पळी घरात मी आणली,” असं मी मराठीत सांगितलं. त्यांनी ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, मला सांभाळून घ्यायला एक शब्दही पदरचा घातला नाही. त्याबद्दल मी त्यांचा जास्तच ऋणी आहे.

पळीत शिसं निघालं. गॅरेज साफ झालं, भांडं आणि साचा घरातून गेले. नातीचा आकडा प्रत्येक तपासणीला उतरतो आहे. लेक माझ्याशी आणि जावयांशी अजून कामापुरतंच बोलते, पण नवी हळद आणून तिने आईच्या हातात दिली.

नोकरीत लोक खोटं बोलायचे म्हणून मी वैतागायचो. या घरात कोणी खोटं बोललं नाही. मान राखायचा म्हणून एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि त्यात एक पोरगी भरडली गेली. तो राग जात नाही, आणि सगळ्यात जास्त माझाच मला येतो.

प्रत्येक तपासणीला गाडी काकूंनीच काढली. आता त्यांना मोतीबिंदू झाला आहे, दोन्ही डोळ्यांना. नोकरीत मला जीप चालवायला ड्रायव्हर असायचा, त्यामुळे स्टिअरिंग कधी धरलं नाही. परवान्याच्या परीक्षेचं इंग्रजी पुस्तक आणलं आहे, डिक्शनरी घेऊन सातव्या पानापर्यंत आलो. काकू म्हणतात, “तुमच्या भरवशावर राहिले तर आंधळीच होईन.” पहिल्या डोळ्याच्या वेळी जमणार नाही, हे मलाही कळतं. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र त्यांना मीच घेऊन जाईन.